सहस्रकुंड परिसरातील छायाचित्रण-स्थळे : कोरपना परिसरातील अध्यापकांसाठी काही विचार

प्रास्ताविक

पावसाळा लागला की कोरपना-गडचांदूर भागातील महाविद्यालयांत वर्षासहलीची चर्चा सुरू होते आणि सहस्रकुंडाचे नाव हमखास निघते. पैनगंगा नदीवरील हा धबधबा नांदेड व यवतमाळ या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. एका काठावर किनवट तालुक्यातील इस्लापूरचा परिसर, तर दुसऱ्या काठावर उमरखेड तालुक्यातील मुरली. म्हणजे एक काठ मराठवाड्याचा, दुसरा विदर्भाचा. अशा सहलींतील बराचसा वेळ आता छायाचित्रे काढण्यात जातो. त्याबद्दल केवळ नाराजी व्यक्त करण्यापेक्षा, कोठे थांबावे आणि तेथे काय पाहावे, याचा विचार करणे अधिक उपयुक्त ठरेल. तोच येथे केला आहे.

खडक आणि प्रकाश

सहस्रकुंडाचा खडक काळा बेसाल्ट आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर येथे एकावर एक पसरले. त्यांतील काही थर घट्ट, काही सच्छिद्र व ठिसूळ. ठिसूळ थर लवकर झिजतो, वरच्या घट्ट थराचा आधार सुटतो व तो तुटून पडतो. दख्खनच्या पठारावरील अनेक धबधब्यांच्या पायऱ्या अशाच घडल्या आहेत. 'कुंड' हा शब्दही येथे निरर्थक नाही. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे पात्राचा खडक गरगर घासत राहतात आणि त्यातून रांजणखळगे तयार होतात. भूगोलाच्या अध्यापकांना निघोजचे उदाहरण परिचित आहेच. पावसाळ्यात हे खळगे पाण्याखाली जातात. ते पाहायचे तर हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, धबधबा क्षीण झाल्यावर यावे लागते. छायाचित्रासाठी तो काळ निरुपयोगी मानला जातो, अभ्यासासाठी मात्र तोच उत्तम, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काळा खडक व पांढरा फेस ही जोडी कॅमेऱ्याला फसवते. चौकटीत काळा भाग अधिक असला की कॅमेरा दृश्य अंधारे समजून जास्त प्रकाश घेतो आणि फेस नुसता पांढरा डाग होऊन उरतो. मोबाइलवर फेसाच्या भागावर बोट टेकवून प्रकाश थोडा कमी केल्यास पाण्याच्या धारा वेगळ्या दिसू लागतात. तुषारांवर इंद्रधनुष्य हवे असेल तर सूर्य पाठीशी असला पाहिजे. सूर्याच्या विरुद्ध दिशेच्या बिंदूपासून सुमारे 42 अंशांवर ते दिसते. म्हणून सपाटीवर उभे असता सूर्य क्षितिजापासून 42 अंशांहून वर चढला की इंद्रधनुष्य नाहीसे होते. ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर शिकवावी लागते. येथे ती डोळ्यांसमोर घडते. कोणत्या काठावर केव्हा उभे राहावे, हे विद्यार्थ्यांनाच होकायंत्र देऊन ठरवू द्यावे. पावसाळ्यात पात्र ओलांडता येत नाही व पलीकडच्या काठासाठी रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे हा निर्णय निघण्यापूर्वीच घेणे बरे.

पाणी कोणाच्या हाती

या धबधब्याचे दृश्य केवळ पावसावर अवलंबून नाही. वरच्या अंगाला ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की सहस्रकुंड रौद्र रूप धारण करते आणि दूरदूरचे लोक ते पाहण्यास धावतात. धोकाही येथेच आहे. धबधब्यापाशी आकाश निरभ्र असताना पाणी वाढू शकते. मधल्या खडकावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला त्याची चाहूल लागतेच असे नाही, शेवाळलेला बेसाल्ट तर कोरडा वाटतानाही निसरडा असतो. विसर्गाची माहिती आदल्या दिवशी व निघताना घेणे, तसेच पात्रात कोणालाही उतरू न देणे, ही सहलप्रमुखाची जबाबदारी आहे. चौकटीत माणूस हवाच असेल, तर तो काठावर उभा राहूनही येतो.

वाटेवरील थांबे

कोरपन्याहून आदिलाबाद, किनवट, इस्लापूर असा मार्ग पडतो. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. दोन दिवस हाती असल्यास माहूरचा गड व उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे जोडून घेता येतात. आदिलाबादहून निर्मलच्या रस्त्याला वळल्यास तेलंगणातील कुंतालाचा धबधबा आहे. तो कडेम नदीवरचा असून उंची सुमारे 45 मीटर आहे. उंचीत तो सरस आहे, परंतु ती नदी आपल्या परिसरात येत नाही.

पैनगंगा येते. एका सहलीत सहस्रकुंडाच्या काठी एका विद्यार्थिनीने विचारले होते, "हे पाणी पुढे कोठे जाते?" तिचे गाव कोरपना तालुक्यातले, नदीपासून फार दूर नसलेले. हेच पाणी किनवट, माहूरकडून वळसा घेऊन तिच्या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहते आणि पुढे वर्धा नदीला मिळते, हे ऐकून ती काही वेळ गप्पच राहिली. तिच्या मोबाइलमध्ये धबधब्याची कितीतरी छायाचित्रे होती; गावाजवळच्या नदीचे एकही नव्हते.

म्हणून पहिला थांबा कोरपन्यातच घ्यावा असे सुचवावेसे वाटते. वणीकडे जाताना पैनगंगा ओलांडावी लागते. तेथे नदी उडी घेत नाही, पसरून संथ वाहते. बेसाल्टचा प्रदेश मागे पडून येथे चुनखडकाचा प्रदेश लागतो. सुमारे 100 कोटी वर्षे जुन्या या खडकसमूहाला भूशास्त्रात पैनगंगेचेच नाव आहे आणि गडचांदूर परिसरातील सिमेंटचे कारखाने याच खडकावर उभे आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात पुलाजवळच्या सुरक्षित जागेवरून एक छायाचित्र घ्यावे, सायंकाळी सहस्रकुंडाचे दुसरे. परतल्यावर दोन्ही शेजारी ठेवून, एकाच नदीचे रूप इतके का बदलले, हे विद्यार्थ्यांना आपल्या शब्दांत लिहावयास सांगावे.