फिरंग : पाते कोणाचे, मूठ कोणाची?



मी इतिहाससंशोधक नव्हे. युनियनच्या कामात माझे आयुष्य गेले. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा जुन्या तलवारीवर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. कारण एवढेच की, कारखाना बंद पडल्यावर आपल्या आचोळ्यातला एक तरुण कामगार घरची जुनी तलवार फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, ही चिमाजीअप्पांच्या फौजेतली. हिचे किती येतील?"

मराठ्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला तो १७३९ साली. तेव्हापासून या भागातल्या प्रत्येक जुन्या तलवारीला ती लढाई चिकटलेली असते. पण सांगणे वेगळे आणि पटवणे वेगळे.

तलवार सरळ पात्याची होती, म्हणजे 'फिरंग' या जातीची. फिरंग्यांच्या मुलुखातले पाते म्हणून फिरंग. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातली पाती जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि येथले कारागीर त्यांना देशी मूठ चढवीत. म्हणून परीक्षेचा पहिला नियम असा, की तलवार ही एकच वस्तू समजू नये. पाते, मूठ आणि म्यान यांची वये तीन असू शकतात. जावा बेटातल्या 'क्रिस' खंजिराची पारखही अशीच करतात; तेथेही पाते पणजोबाचे आणि मूठ-म्यान नातवाने बदललेले, असे पुष्कळदा आढळते.

आधी पाते पाहावे. फिरंगेचे पाते साधारण तीन फूट लांब असते आणि त्यावर बहुधा उभ्या पन्हळी असतात. त्यांनी वजन घटते, पण ताकद टिकते. युरोपी कारागीर मुठीजवळ आपले ठसे ठोकीत : कोठे लांडगा, कोठे अक्षरे. मात्र त्या ठशांना बाजारात भाव होता, म्हणून येथेही त्यांची नक्कल होई. तेव्हा नुसत्या ठशावर भुलू नये. पोलादात पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, म्हणजे जौहर, दिसला तर ते पाते बहुधा हिंदुस्थानी किंवा इराणी समजावे.

मग मूठ. फिरंगेची परज रुंद, पंजा झाकणारी असते. शेंड्यावर गज असतो. दोन्ही हातांनी घाव घालताना दुसरा हात त्यावर येतो. मुठीतून निघालेल्या पट्ट्या पात्यावर उतरतात आणि रिबिटांनी जखडलेल्या असतात. येथे कामगाराची नजर उपयोगी पडते. पात्यावर जास्तीचे किंवा बुजवलेले भोक दिसले, तर मूठ बदललेली आहे असे समजावे. सोन्याचे काम असेल तर भिंग घ्यावे. कोफ्तगरीत पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून त्यांत सोने ठोकून बसवतात. झिजल्या जागी त्या रेघा उघड्या पडतात. नुसत्या मुलाम्याखाली त्या नसतात.

म्यानाचे लाकूड आणि त्यावरचे कापड किंवा चामडे आधी कुजते, म्हणून म्यान बहुधा सर्वांत नवे.

या साऱ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार. २०२५ साली लंडनच्या लिलावातून ती महाराष्ट्र शासनाने घेतली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपी, मूठ मराठा धाटणीची व सोन्याच्या कामाची. आणि पाठीवर देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव, 'सेनासाहेब सुभा' हा किताब व 'फिरंग' हा शब्द. मालकाचे नाव सोन्यात राहिले. मूठ जोडणाऱ्याची ओळख पटते ती त्याच्या हातकामावरून.

आमच्या तरुणाच्या तलवारीला बुजवलेली दोन भोके होती. मूठ नंतरची, हे नक्की. मुठीजवळ ठशाची अर्धी रेघ उरली होती. बाकीचे त्याने चांगला भाव यावा म्हणून आदल्याच रात्री पॉलिश पेपरने घासून काढले होते. पाते कोठले हे सांगू शकणारा साक्षीदार त्यानेच, गरजेपोटी, पुसला होता. मी त्याला खरे ते सांगितले : पाते जुने आहे, पण वसईच्या लढाईचा पुरावा यात नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण आजोबा सांगायचे." मी म्हटले, "ते सांगायचे तेही लिहून ठेव; मात्र 'ऐकीव' असे वर लिही." त्याच्या थकलेल्या पगाराचा प्रश्न तलवारीने सुटणारा नव्हताच, त्यासाठी आमचा झगडा चालू आहे.

तेव्हा विनंती एवढीच : घरी जुने शस्त्र असेल तर घासू नका, आम्ल लावू नका. पातळ तेलाचा हात फिरवा, ओलीपासून जपा आणि विकण्याआधी संग्रहालयातल्या जाणत्याला दाखवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे. भंगाराच्या काट्यावर लोखंडाचे वजन कळते. पन्हळ, ठसा आणि रिबीट काय सांगतात, ते त्या काट्याला कळत नाही.