अवर्षणप्रवण क्षेत्रातील शतावरी : ओळख, लागवड आणि निगा
(विशेष संदर्भ : लोणी देवकर व इंदापूर-बारामती परिसर)

प्रस्तावना

शतावरी हे नाव महाराष्ट्रातील घरांना नवीन नाही. बाळंतिणीला दुधातून दिला जाणारा शतावरी कल्प बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा असतो. परंतु ज्या वेलीच्या मुळ्यांपासून हा कल्प तयार होतो ती वेल प्रत्यक्ष पाहिलेली माणसे त्या मानाने थोडीच आढळतात. इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील माळरानांवर, ओढ्यांच्या काठी व जुन्या काटेरी कुंपणांत बोर, हिवर, नेपती यांच्या आधाराने वाढणारी ही वनस्पती या भूभागाची मूळ रहिवासी आहे. ती बहुवार्षिक असून तिचे सर्व सामर्थ्य जमिनीखाली साठविलेले असते. नेमका हाच साठा माणसाला हवा असल्यामुळे वेलीचे जगणे आणि तिचा उपयोग यांत एक मूलभूत विरोध निर्माण होतो. पान किंवा फळ तोडल्याने वनस्पती मरत नाही. मूळ खणून नेल्यास मात्र ती संपते. हा विरोध कमी करणारी लागवड व निगेची पद्धत कोणती असू शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वनस्पतीची ओळख

शतावरीचे शास्त्रीय नाव ‘अ‍ॅस्परॅगस रॅसिमोसस’ असे असून विल्डेनो या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये ते प्रसिद्ध केले. पूर्वी तिचा समावेश लिलिएसी या कुलात केला जात असे. आधुनिक वर्गीकरणात तिला अ‍ॅस्परॅगेसी कुलात स्थान देण्यात आले आहे. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात खंडशः प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिवर्णनातही तिची नोंद आहे.

वेलीवर दिसणारी बारीक, सुईसारखी हिरवी ‘पाने’ वस्तुतः पाने नसून रूपांतरित शाखा आहेत. खरी पाने खवल्यांच्या किंवा मागे वळलेल्या काट्यांच्या स्वरूपात उरलेली असतात. पानांचा पृष्ठभाग अशा रीतीने कमी झाल्यामुळे बाष्पोत्सर्जनाद्वारे होणारा पाण्याचा व्यय मर्यादित राहतो, तर काट्यांमुळे वेलीला झुडपांचा आधार घेत वर चढता येते. पावसाळ्यात तिला लहान, पांढरी, सुवासिक फुले गुच्छाने येतात. पुढे वाटाण्यासारखी गोल फळे धरतात व पिकल्यावर ती लाल होतात. आत काळे, कठीण कवचाचे बी असते.

जमिनीखाली एका गड्ड्यापासून अनेक मांसल मुळ्या फुटतात. त्या दोन्ही टोकांना निमुळत्या, बाहेरून राखाडी व आतून पांढऱ्या असतात. शतमूली, बहुसुता व शतवीर्या या संस्कृत पर्यायनामांवरून या मूळसमूहाकडे प्राचीनांचे लक्ष किती वेधले गेले होते हे ध्यानात येते. आयुर्वेदात शतावरी मधुर व तिक्त रसाची, शीतवीर्य आणि स्तन्यवर्धक मानली गेली आहे. शतावरी घृत, फलघृत, नारायण तेल आदी कल्पांत तिचा उपयोग होतो. आधुनिक रसायनशास्त्राने तिच्या मुळ्यांतील ‘शतावरीन’ या सॅपोनिन गटातील घटकांचा अभ्यास केला आहे. तथापि, औषध म्हणून तिचे सेवन वैद्यांच्या सल्ल्यानेच करणे इष्ट होय.

लोणी देवकर परिसराची पार्श्वभूमी

लोणी देवकर हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण व इंदापूर यांच्या दरम्यान वसलेले आहे. हा सर्व प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५०० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, परतीच्या पावसाच्या सुमारास पडतो. जमिनीचे प्रकार भिन्न आहेत : माळावर उथळ मुरमाड जमीन, तर नदी-ओढ्यांकडे खोल काळी माती.

या प्रदेशाचे शेतीजीवन पाण्याच्या दोन मोठ्या योजनांनी बदलले. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून बारामतीकडील भागास मिळू लागले आणि पुढे भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. उजनीच्या जलाशयामुळे इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर पाण्याचा विस्तीर्ण फुगवटा निर्माण झाला. ऊस, द्राक्ष, डाळिंब व पेरू ही पिके त्यातून स्थिरावली. मात्र पाण्याबरोबर काही समस्याही आल्या. नीरा खोऱ्यातील जमिनी खारवट होत असल्याचा अभ्यास हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. निचऱ्याविना दिलेले पाणी जमिनीचे हित करीत नाही, हा त्या अभ्यासाचा बोध आजही जुना झालेला नाही. शतावरीच्या संदर्भात तर तो विशेषच महत्त्वाचा ठरतो. कारण पाण्याच्या टंचाईपेक्षा पाण्याच्या साठण्यानेच ही वनस्पती अधिक लवकर दगावते.

जमीन व रोपनिर्मिती

शतावरीस मध्यम, भुसभुशीत व उत्तम निचऱ्याची जमीन मानवते. मुरूममिश्रित तांबूस जमिनीत मुळ्या सरळ वाढतात आणि काढणीही सुलभ होते. केवळ हातभर खोलीवर कातळ लागणाऱ्या जागी मुळ्यांना वाव राहत नाही. अशा ठिकाणी वरंबे उंच करून मातीचा थर वाढवावा लागतो. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळ्या तुटतात. चोपण जमीन शतावरीसाठी टाळावी.

अभिवृद्धी दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार बियांचा. पूर्ण पिकलेल्या फळांचा गर धुऊन काढून बी सावलीत सुकवितात. बियांचे कवच कठीण असल्याने पेरणीपूर्वी ते रात्रभर कोमट पाण्यात भिजविणे उपयुक्त ठरते. जूनच्या प्रारंभी गादीवाफ्यावर किंवा पिशव्यांत पेरणी करावी. उगवण सावकाश व असमान होते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोंब न दिसल्यास बी वाया गेले असे समजून वाफा मोडण्याची घाई करू नये. दुसरा प्रकार गड्ड्याच्या विभाजनाचा. जुन्या वेलीच्या गड्ड्याचे, प्रत्येक तुकड्यावर किमान दोन डोळे व काही मुळ्या राहतील अशा बेताने, भाग करून ते लावतात. बियांपासूनच्या रोपांत आनुवंशिक विविधता राखली जाते, तर विभाजनाने निवडक वेलीचे गुण टिकतात. मोठ्या क्षेत्रासाठी बियांची रोपे आणि काढणीनंतरच्या पुनर्लागवडीसाठी गड्डे, असा मेळ घालणे श्रेयस्कर होय.

लागवड

पावसाळ्यात जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर, रोपे साधारण सहा ते आठ आठवड्यांची झाली असता लागवड करावी. पूर्वमशागतीच्या वेळी हेक्टरी ८ ते १० टन शेणखत मिसळावे. मात्र ते पूर्णपणे कुजलेले असावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात आणि ऊसपट्ट्यात ही कीड मुळ्यांचे किती नुकसान करते हे सर्वश्रुत आहे. सरी-वरंबा पद्धतीत रोप वरंब्यावर लावावे, म्हणजे पावसाचे जादा पाणी सरीतून निघून जाते. ६० × ६० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे २७,७०० रोपे बसतात. उथळ जमिनीत अंतर अधिक ठेवणे हितावह असते.

वेल चढण्यासाठी आधार आवश्यक आहे. त्यासाठी बांबू किंवा वाळलेल्या काटक्या वापरता येतात. बांधावर लावताना मात्र वेगळ्या आधाराची गरज पडत नाही. तेथील बोर किंवा शेवगा हाच आधार होतो आणि विरळ सावलीचाही लाभ मिळतो. महाविद्यालयाच्या किंवा घराच्या आवारात तारेच्या कुंपणालगत वेल लावता येते. मात्र तिचे काटे लक्षात घेता येण्याजाण्याच्या वाटेपासून ती दूर ठेवावी.

निगा

लागवडीनंतर पाऊस नसल्यास रोपे रुजेपर्यंत आठवड्यातून एकदा हलके पाणी द्यावे. पुढे हिवाळ्यात व उन्हाळ्यात जमिनीचा मगदूर पाहून साधारण महिन्याने दिलेले पाणी पुरते. पहिल्या वर्षी तणनियंत्रण काटेकोर असावे. खुरपणी करताना कोवळे कोंब तुटणार नाहीत याची दक्षता घ्यावी व वरंब्याला मातीची भर द्यावी.

निगेतील खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. कोरडवाहू स्थितीत एप्रिल-मेमध्ये वेल पिवळी पडते, तिच्या सुया गळतात व काही वेळा जमिनीवरील भाग जवळजवळ वाळून जातो. बागायती पिकांची सवय असलेल्या शेतकऱ्यास ही मृत्यूची चिन्हे वाटतात आणि तो भरपूर पाणी सोडतो. वस्तुतः ही विश्रांतीची अवस्था असते. मुळ्यांतील साठ्यावर वनस्पती तग धरते आणि पहिल्या पावसानंतर गड्ड्यातून नवे, जाड कोंब वर येतात. विश्रांतीच्या काळात मुळ्यांभोवती पाणी साचल्यास त्या कुजतात. म्हणून वेल वाळली असता प्रथम बाजूची माती उकरून एखादी मुळी तपासावी. ती टणक व पांढरी असल्यास वेल जिवंत आहे असे समजावे. मऊ पडून दुर्गंधी येत असल्यास पाणी बंद करून निचऱ्याची चर काढावी.

काढणी व प्रक्रिया

लागवडीपासून १८ ते २४ महिन्यांनी, हिवाळ्यात जमिनीवरील भाग पिवळसर झाल्यावर मुळ्या काढणीयोग्य होतात. काढणीपूर्वी हलके पाणी दिल्यास माती सैल होते व मुळ्या अखंड निघतात. त्या स्वच्छ धुऊन, थोडा वेळ उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर ठेवून वरची साल व मधली शीर काढून टाकतात आणि तुकडे सावलीत वाळवितात. ताज्या मुळीत पाण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे वाळल्यावर वजन पुष्कळ घटते. उत्पन्नाचे आडाखे बांधताना ओल्या व वाळलेल्या वजनांची गल्लत झाल्यास मोठा भ्रमनिरास होतो. वाळलेली मुळी हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ती हवाबंद ठेवावी.

शतावरीस स्थानिक बाजार समितीत डाळिंबासारखी नित्याची बाजारपेठ नाही. त्यामुळे रोपे विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबून मोठे क्षेत्र या पिकाखाली आणणे धोक्याचे आहे. खरेदीदार, दर आणि माल ओला की वाळलेला घेतला जाणार, या बाबी लागवडीपूर्वी लेखी ठरलेल्या असाव्यात. दोन वर्षे अडकून पडणाऱ्या जमिनीचा विचार अल्पभूधारकाने तर आवर्जून करावयास हवा.

बहुवार्षिकत्वाचा प्रश्न

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. शतावरीचीच भगिनी असलेली ‘अ‍ॅस्परॅगस ऑफिसिनॅलिस’ ही भाजी युरोपात दीर्घकाळापासून पिकविली जाते. तिचे कोवळे कोंब कापले जातात, गड्डा मात्र जमिनीतच राहतो. त्यामुळे एकदा केलेली लागवड दहा-पंधरा वर्षे उत्पन्न देते. ठरावीक काळानंतर कोंब कापणे थांबवून झाड वाढू द्यावयाचे, म्हणजे मुळ्यांत पुन्हा साठा होतो, हा तेथील शेतकऱ्याचा नियम आहे. शतावरीच्या बाबतीत साठाच काढून घेतला जात असल्याने हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु त्यामागील तत्त्व स्वीकारता येते. काढणीच्या वेळी डोळे असलेला गड्डा बाजूस काढून तो त्याच दिवशी पुन्हा लावावा. बांधावरील व परसातील वेलींच्या बाबतीत एकाच बाजूची माती उकरून पक्व मुळ्या घ्याव्यात आणि उर्वरित मुळ्यांसह गड्डा पुन्हा मातीने झाकावा. काही वेली फळे पक्व होईपर्यंत मुळीच खणू नयेत, म्हणजे बियांचा पुरवठा अखंड राहील.

माळरानावरील शतावरीला हा आधारही नसतो. तेथे मुळ्या खणणारा गड्डा परत लावीत नाही आणि बी पडण्यापूर्वीच वेल नाहीशी होते. शिवाय बांध कोरले जाणे, काटेरी कुंपणांची जागा तारेने घेणे व माळ सपाट होणे, यांमुळे तिचा निवारा आक्रसत जातो. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. गावच्या शिवारात शतावरी नेमकी कोठे उरली आहे, तिला फुले-फळे केव्हा येतात, याची नोंद करण्याच्या कामी महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र, भूगोल व मराठी या विभागांचे विद्यार्थी एकत्रितपणे साहाय्य करू शकतात. वृद्धांकडून स्थानिक नावे व उपयोग टिपून घेणे हाही या कामाचा भाग व्हावा.

समारोप

शतावरी ही इंदापूर-बारामती परिसराच्या हवामानास शतकानुशतके सरावलेली वनस्पती आहे. तिला अधिक पाणी व अधिक खत यांपेक्षा निचरा, आधार आणि धीर यांची गरज असते. उन्हाळ्यात वाळलेली वेल पावसाची वाट पाहत असते, हे ओळखता आले तर तिची निम्मी निगा साधली. काढणीनंतर गड्डा मातीत परत गेला तर उरलेली निम्मीही साधते. ज्या भूमीत प्रत्येक पीक पाण्याच्या पाळीवर मोजले जाते, तेथे ओल संपल्यावरही जमिनीखाली जगत राहणाऱ्या या वेलीस निदान बांधावरची हातभर जागा राखून ठेवणे अवघड नाही. महाविद्यालयाच्या आवारातील कुंपणापासूनही त्याचा प्रारंभ होऊ शकतो.