बुढी पैसे मागते तेव्हा

21 सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. 2025 मध्ये तो नेमका सर्वपित्रीला आला होता. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव-मानोऱ्याकडच्या गावांत हा आजार दवाखान्याआधी सुनेच्या कानावर पडतो: "माहे पैसे तूच नेले!"

खरं तर तोवर तो मधल्या टप्प्यात गेलेला असतो. घाव आधी हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी घडवणाऱ्या भागावर बसतो. सकाळचं जेवण विसरतं, पन्नास वर्षांपूर्वीचं लग्न मात्र तपशिलासकट आठवतं. घरच्यांना वाटतं, डोकं शाबूत आहे. त्यात स्वयंपाक सुनेकडे, सोयाबीनचा हिशेब पोराकडे गेलेला. हातचं काम सुटलं की चूक दिसायला जागाच उरत नाही. पुढे संशय येतो, दिवेलागणीला घालमेल वाढते, रोजच्या वावराची वाट चुकते, लुगडं नेसता येत नाही. शेवटी ओळख जाते, घास गिळवत नाही. निदानानंतर बहुतेकांत हा प्रवास चार ते आठ वर्षांचा, काहींत वीसपर्यंतचा. अल्झायमर हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, एक प्रकार; रक्तवाहिन्यांतल्या बिघाडामुळे होणारा डिमेन्शिया मात्र बरेचदा पायरीपायरीने उतरतो. तिथे बीपी-शुगर सांभाळली तर पुढची पायरी लांबवता येते.

देशपातळीवरच्या 'लासी-डॅड' अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. शाळा न मिळणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे, आणि मला सर्वांत बोचतं ते हेच. जिला कुणी शाळेत घातलं नाही, तिलाच म्हातारपणी स्मृतीच्या चाचणीत वाक्य लिहून दाखवायला सांगायचं? हरियाणातल्या बल्लभगडमध्ये संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी चाचणीच बदलली. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी विसातून तीन-तीन; वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा'; शिवाय 'तुमचं गाव कोणत्या पोस्टात येतं?' अशा प्रश्नांना आपली कोणतीही आजी न बिचकता उत्तर देईल.

तपासणी टाळू नका. बी-12ची कमतरता, थायरॉइड आणि नैराश्य यांमुळेही विसरायला होतं, आणि ते उपचारानं सुधारू शकतं. एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं तर वय झालं म्हणून थांबू नका. जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे स्मृतीच्या तपासणीसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवावा, आणि प्रश्न वऱ्हाडीत आणि बंजारा तांड्यावरच्यांसाठी गोरमाटीत विचारावेत.