हृदयौषधे आणि विद्युत्संवाहनाचा अवरोध

पनवेलजवळच्या कळंबोली येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ होतो. आपल्याकडे महामार्गांच्या दुभाजकांत कण्हेर लावण्याचा प्रघात आहे. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, हाही तिचा एक गुण मानला जातो. कण्हेरीतील ओलिअँड्रिन हे विष आणि हृद्रोग्यास दिले जाणारे डिजॉक्सिन ही दोन्ही हृद्-ग्लायकोसाइड वर्गातील द्रव्ये होत. कण्हेरीच्या अथवा बिट्टीच्या विषबाधेत नाडी मंदावून हृद्रोध उद्भवतो. डिजॉक्सिनची मात्रा अधिक झाली असताही तेच घडते. हे साम्य इतके निकटचे आहे की, डिजॉक्सिनविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे श्रीलंकेत बिट्टीच्या विषबाधेवरही गुणकारी ठरली.

अलिंदांतून निलयांकडे जाणाऱ्या विद्युत्-आवेगाचा प्राकृत मार्ग म्हणजे सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये वर्णिलेली अलिंद-निलय गाठ. अलिंद-विकंपनात मिनिटाला ३५० ते ६०० आवेग या गाठीवर येऊन थडकतात. डिजॉक्सिन प्राणेशा तंत्रिकेचा प्रभाव वाढवून त्यांपैकी बरेचसे अडविते. हा अडथळा मर्यादेत असेतो उपचार असतो. मर्यादा ओलांडताच तोच रोग होतो. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्येच अतिमात्रेने नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरते असे नमूद केले होते. वृक्क दुर्बल असल्यास डिजॉक्सिन शरीरात साचते आणि मूत्रल औषधांनी पोटॅशियम घटले असता त्याची विषारी क्रिया बळावते. वृद्ध रुग्णांत या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र आढळतात.

बीटा-रोधके, व्हेरापामिल व डिल्टियाझेम हीही याच गाठीचे संवाहन मंद करतात. बीटा-रोधकाच्या जोडीला व्हेरापामिल देणे म्हणून विशेष जोखमीचे. फ्लेकेनाइडची गोष्ट निराळी; त्याचा परिणाम मुख्यतः गाठीखालच्या तंतूंवर होतो.

तथापि अशी औषधे घेणाऱ्या रुग्णात हृद्रोध आढळला की सर्व दोष औषधाच्या माथी मारणे सयुक्तिक नव्हे. इस्राएलमधील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बीटा-रोधके, व्हेरापामिल वा डिल्टियाझेम थांबविल्यावर सुमारे ४१ टक्के रुग्णांतच अवरोध नाहीसा झाला, आणि त्यांतीलही निम्म्याहून अधिक रुग्णांत औषधावाचून तो पुन्हा उद्भवला. केवळ औषधानेच अवरोध झाला असे सुमारे १५ टक्क्यांविषयीच म्हणता आले. उरलेल्यांत संवाहन-तंतू मुळातच जीर्ण असावेत आणि औषधाने ती जीर्णता केवळ उघडी पाडली असावी. औषध बंद करताच नाडी पूर्ववत झाली, एवढ्यावरून कृत्रिम गतिप्रेरकाचा विचार सोडून देणे त्यामुळे धोक्याचे ठरते. अशा रुग्णाचा हृद्विद्युत्-आलेख पुन्हा पुन्हा काढावा लागतो.