धानाचे पुंजणे आणि मोनेची छापील चित्रे

दिवाळी उलटली की ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा या धानपट्ट्यातील बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहू लागतात. कापलेल्या धानाचे भारे, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर राहतील अशा बेताने रचून मळणीची पाळी येईपर्यंत ठेवायचे, ही येथील शेतकऱ्याची जुनी रीत. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील शेतकरीही गव्हाच्या पेंढ्यांचे असेच करीत असे. 1890 च्या उन्हाळ्याच्या अखेरीपासून पुढच्या वर्षाच्या प्रारंभापर्यंत क्लोद मोने हा चित्रकार जिव्हर्नी गावी आपल्या घराजवळच्या अशाच रचलेल्या गव्हासमोर फलक मांडून बसत होता. सकाळ, मावळती, धुके, बर्फ अशा पालटत्या प्रकाशात त्याने या एकाच विषयावर सुमारे 25 चित्रे केली. प्रकाश बदलला की हातातील फलक बाजूस ठेवून दुसरा घ्यायचा, असा त्याचा क्रम असे. 1891 च्या मे महिन्यात त्यांतील 15 चित्रे पॅरिसमध्ये द्युराँ-रुएल या कलाव्यापाऱ्याच्या दालनात एकत्र मांडली गेली.

इंग्रजी नावावरून या चित्रांना 'गवताच्या गंजी' म्हणण्याचा मोह आपल्याला सहज होतो. ते बरोबर नाही. गंजीत जनावरांचा चारा असतो, पुंजण्यात घराचे वर्षाचे धान्य. पुंजण्याला आग लागली तर घर बसते. हा फरक मुंबई-पुण्याच्या कलासमीक्षकाला समजावून सांगावा लागेल. सिंदेवाहीच्या शाळकरी मुलाला नाही. 1896 साली मॉस्कोच्या प्रदर्शनात यांपैकी एक चित्र पाहून वासिली कांडिन्स्की गोंधळला होता. समोर काय रंगवले आहे हे त्याला सूचीत वाचल्यावर कळले. पुढे अमूर्त चित्रकलेचा अध्वर्यू ठरलेल्या त्या माणसाला जे ओळखता आले नाही, ते आमच्या भागातील मूल बहुधा क्षणात ओळखील. आणि नजरेचे म्हणाल तर, धानाच्या लोंब्यांतील रंगाचा फरक हेरून त्यातून 'एचएमटी' हे वाण निवडणारे दादाजी खोब्रागडे याच नागभीड तालुक्यातील नांदेडचे.

परंतु या मुलाला ते चित्र दाखविणार कोण? मूळ चित्रे शिकागो, बोस्टन, पॅरिस येथील संग्रहालयांत आहेत. खाजगी मालकीचे एक 2019 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 11 कोटी डॉलरांवर गेले. मोनेच राहो, युरोपीय चित्रांचा टाटांचा संग्रह मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, तोही भामरागड-सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला परदेशाइतकाच दूर. हीच मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात, स्थिरचित्र आणि स्मरणचित्र काढतात, शालान्त परीक्षेचे वाढीव गुण मिळवितात, आणि जगातील एकही थोर चित्र धड न पाहता चित्रकलेचा निरोप घेतात. संगीताचा विद्यार्थी निदान ध्वनिमुद्रिका तरी ऐकतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्याची ध्वनिमुद्रिका म्हणजे चांगले छापील चित्र.

छापील चित्राला नाक मुरडण्याची रीत आपल्याकडे आहे. ती महाराष्ट्राला तरी शोभत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1878 साली पुण्यात चित्रशाळा काढण्यात पुढाकार घेतला तो याच माध्यमावर विश्वास ठेवून. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत शिळाछापखाना उभारला, पुढे तो मळवलीस गेला, आणि त्याची लक्ष्मी-सरस्वती राजवाड्यांच्या भिंतींवरून खेड्यांतल्या देवघरांत पोचली. दादासाहेब फाळकेही याच छापखान्याच्या कामातून गेलेले. रविवर्म्याच्या त्या चित्रांनी अभिरुची बिघडविली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. खुद्द मोनेच्या घरच्या भिंती जपानी लाकूडठशांच्या छापील चित्रांनी भरलेल्या होत्या. तो जपानला कधीही गेला नाही. ज्या चित्रांतून त्याने मांडणी आणि रंगांचा सपाटपणा आत्मसात केला, ती जपानात सामान्य माणसाला परवडणारी छपाई होती.

मात्र येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. वाईट छापील चित्र हे न दाखविलेल्या चित्रापेक्षाही घातक असते. मोनेच्या पुंजण्याची सावली काळी नाही. ती निळी आहे, जांभळी आहे. बर्फावर पडली तर अधिकच निळी. सावलीलाही रंग असतो, हाच त्या चित्रांचा पाठ. आपल्या वर्गांत मात्र छायाभेद म्हणजे पेन्सिल गडद घासणे किंवा रंगात काळा मिसळणे. आता नेहमीच्या छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चारच शाया असतात, आणि त्यांच्या ठिपक्यांतून सारे रंग भासवावयाचे असतात. तेजस्वी जांभळा आणि नारिंगी हे या चौघांना सर्वांत अवघड. स्वस्त छपाईत म्हणूनच ती जांभळी सावली मळकट करडी होते, आणि मोनेने जे सांगितले त्याच्या नेमके उलटे मुलाच्या मनावर ठसते. मोबाइलच्या पडद्यावर चित्र उजळ दिसते हे खरे. पण सव्वातीन फूट रुंदीचे चित्र तळहाताएवढे झाले, की दोन पावले मागे जाऊन पाहण्याचा अनुभवच नाहीसा होतो. जवळून रंगांचे नुसते फटकारे आणि दुरून पहाटेचा प्रकाश, हा चमत्कार घडतो तो अंतरामुळे.

सुदैवाने तंत्र पुढे गेले आहे. 1991 च्या सुमारास अमेरिकेत 'जिक्ले' हे नाव मिळालेली शाईफवाऱ्याची छपाई आता भारतातही होते. तीत आठ, दहा, बारा शाया असतात. त्या रंगद्रव्याच्या असल्या तर उन्हाने लवकर विटत नाहीत. कागद आम्लरहित हवा, एरवी तो पिवळा पडतो. जर्मनीतील हानेम्यूले ही 1584 पासूनची कागदकंपनी अशा छपाईसाठी कापसाबरोबरच 90 टक्के बांबूच्या तंतूंचाही कागद बनविते. हे वाचून आमच्या भागातील माणसाला हसू येईल की वाईट वाटेल, सांगवत नाही. 1945 साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कंपनीसाठी वर्षानुवर्षे याच जंगलांतून बांबू गेला. 2011 मध्ये मेंढा-लेखाच्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवाने येईपर्यंत तो बांबू विकण्याचा हक्कही गावांचा नव्हता. जंगलाने देशाला इतका कागद पुरविला. त्यातील एक चांगला ताव चित्र होऊन परत यावा, ही मागणी काही अवाजवी नव्हे.

शाळेचे छप्पर गळत असता चित्रे कसली, हा प्रश्न येणारच. प्रश्न खरा आहे. पण त्यामुळे छप्पर दुरुस्त होत नाही, इतकेच. चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा. 2015 च्या कायद्यातील दुरुस्तीने निघालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत शिक्षण हा अग्रक्रमाचा विषय आहे. त्या निधीच्या मानाने तालुक्यागणिक दहा-बारा चित्रांचा खर्च किरकोळ ठरावा. दुसरा आक्षेप असा, की आदिवासी मुलांवर परक्यांची चित्रे का लादावीत? जिथे माडियांचे कोरीव स्मृतिस्तंभ आहेत आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्र रात्र नाटक पाहतो, तेथील माणसे दोन तऱ्हांची कला शेजारी शेजारी पाहू शकणार नाहीत, हे मानणे म्हणजे त्यांच्या डोळ्यांचा अपमान होय.

कायद्याची अडचण नाही. मोने 1926 मध्ये वारला. आपल्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर 60 वर्षे राहणारा हक्क केव्हाच संपला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 पासून आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने 2018 पासून आपल्याकडील हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य वापरावयास दिल्या आहेत, आणि पुंजण्यांचा सर्वांत मोठा संच शिकागोलाच आहे. चित्र छापावयाचे तर मूळ मापाचे छापावे. शिकागोतील एक चित्र दोन फूट उंच आणि सव्वातीन फूट रुंद आहे, तेवढी जागा कोणत्याही तालुका वाचनालयाच्या भिंतीवर निघते. उन्हाची तिरीप थेट पडेल तेथे ते लावू नये, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून बोटभर सुटे ठेवावे, वाळवीवर लक्ष असावे. आणि खाली मराठीत चिठ्ठी लावावी ती 'गवताच्या गंजी' अशी नव्हे. 'गव्हाचे पुंजणे, क्लोद मोने, 1890-91, छापील प्रत' एवढे पुरे.