घरातला आवाज : मोठा की स्वच्छ?

मंडळी, घरात मोठ्या पडद्याचा टीव्ही आला, की पहिले आठ दिवस सगळं घर नुसतं चित्र पाहत असतं. नवव्या दिवशी आजोबा विचारतात, "काय म्हणाला रे तो?" मग कुणीतरी आवाज वाढवतं. तेवढ्यात पडद्यावर तोफ उडते, खिडकीची तावदानं थरथरतात, पाळण्यातलं मूल दचकून रडू लागतं. बोलणं ऐकू येत नाही आणि गडगडाट सोसवत नाही, अशी गत होते. शेवटी घरात ठराव होतो, की आणखी मोठे स्पीकर आणायचे आणि भला थोरला सबवूफर आणायचा.

आणायला हरकत नाही. पण पैसे मोजण्यापूर्वी दुखणं कुठं आहे ते पाहू या. नाहीतर डोकं दुखतंय आणि मलम गुडघ्याला, असं व्हायचं.

आवाज म्हणजे हवेची कंपनं. दर सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंपनं निरोगी तरुण कानाला ऐकू येतात. ढोलाचा घुमारा ह्या मापाच्या खालच्या टोकाला, तर टाळांची किणकिण वरच्या बाजूला. माणसाच्या बोलण्यात दोन्ही असतात. स्वरांचा भरदारपणा खालच्या कंपनांतून येतो. पण शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि स, श, ट, प ह्यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी कंपनं बव्हंशी दोन हजारांच्या वर असतात. 'आठ', 'साठ', 'पाठ', 'गाठ' हे शब्द म्हणून पाहा. फरक काय तो पहिल्या अक्षराचा. तेवढाच निसटला, की साठाचे आठ झाले!

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खालचा दणदणाट फार झाला, तर तो वरच्या नाजूक ध्वनींना झाकून टाकतो. म्हणून बोलणं कळत नाही अशी तक्रार असताना नुसता घुमारा वाढवला, तर दुखणं वाढतंच.

मग सबवूफर हवा कशाला? तेही पाहू. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली ज्या धर्तीचा ध्वनिवर्धक मांडला, त्याच धर्तीवर आजचे बहुतेक स्पीकर चालतात. लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून विजेचा प्रवाह बदलत गेला, की वेटोळं पुढं-मागं हलतं आणि त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवा ढकलतो. तळहातानं वारा घाला आणि मग सुपानं घाला. सुपाचा वारा जास्त, कारण ते एका वेळी जास्त हवा ढकलतं. खालच्या ध्वनीला अशीच पुष्कळ हवा ढकलावी लागते. ८० कंपनांचा ध्वनी आहे तेवढ्याच मोठ्यानं ४० कंपनांचा काढायचा, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. चपट्या टीव्हीतल्या लहानग्या स्पीकरला हे झेपत नाही, म्हणून हे जड काम स्वतंत्र पेटीकडे सोपवायचं. तीच पेटी म्हणजे सबवूफर. '५.१' ह्या आकड्याचा अर्थही हाच. पूर्ण आवाजाच्या पाच वाटा, आणि केवळ खालच्या ध्वनींची एक मर्यादित वाट, म्हणून तिला 'पॉइंट एक' म्हणतात.

आता सुधारणा कोणत्या क्रमानं कराव्यात? आधी बिनपैशाच्या, मग पैशाच्या.

पहिली गोष्ट जागा. चित्रपटातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. तो आपण कपाटाच्या खणात, फुलदाणीमागं कोंबून ठेवतो! त्याला फळीच्या अगदी कडेशी आणा आणि बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करून जरासा तिरपा ठेवा. रिसीव्हरवर प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमीजास्त करण्याची सोय असेल, तर मधला दोन-तीन डेसिबल वाढवा. आजोबांची निम्मी तक्रार इथंच मिटण्याचा संभव आहे.

दुसरी गोष्ट खोली. फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रा, अशा खोलीत प्रत्येक शब्द आदळून परत येतो आणि पुढच्या शब्दावर पडतो. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला गोधड्यांची चळत, एवढ्यानंही बोलणं उजळतं. मात्र खालचा घुमारा गोधडीला दाद देत नाही. ४० कंपनांचा तरंग जवळजवळ ८.६ मीटर लांब असतो. तुमची खोली ४.३ मीटर लांब असेल, तर तो नेमका निम्मा तिच्यात बसतो. मग भिंतीलगत घुमारा फार आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीच, असा चमत्कार होतो. तेव्हा सबवूफरला दोष देण्याआधी आपली खुर्ची हातभर पुढं-मागं सरकवून पाहा.

सबवूफरची जागा शोधण्याची एक युक्ती आहे. तो उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, पखवाजाची किंवा डग्ग्याची रेकॉर्ड लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेकडेनं कान खाली करून रांगत फिरा. पोरं हसतील, हसू द्यावं! जिथं प्रत्येक थाप वेगळी आणि सारखी ऐकू येईल, तिथं सबवूफर ठेवायचा. कोपऱ्यात तो सर्वांत मोठ्यानं वाजतो खरा, पण तिथं घुमण्याचा दोषही पुष्कळदा वाढतो.

एवढं करूनही उणीव भासली, तर मग खरेदी. दुकानात 'पीएमपीओ' असे हजारांचे आकडे दाखवतात, त्यांना भुलू नका. 'आरएमएस' वॅट विचारा. तिथंही हिशोब असा, की ५० वॅटचे १०० वॅट केले तर आवाज वाढतो केवळ ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. उलट, एका वॅटला ८५ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ८८ देणारा घेतला, तर वर्धक न बदलता तेवढीच वाढ मिळते. थोडक्यात, सात सुमार स्पीकरांपेक्षा समोरचे तीन चांगले असलेले बरे.

एक सावधगिरी मात्र जरूर बाळगा. एकाच खोक्यातून आलेल्या तयार संचातले स्पीकर अनेकदा ३ किंवा ४ ओहमचे असतात, आणि सबवूफरला स्वतःचा वर्धक नसतो. असा संच सुधारण्यापूर्वी मागच्या बाजूचे आकडे वाचा. वर्धकावर लिहिलेल्या ओहमपेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडलात, तर वर्धक तापून निकामी होऊ शकतो. नवा सबवूफर स्वतःच्या विजेच्या प्लगवर चालणारा घ्यावा, आणि आपल्या संचाला त्यासाठी वेगळं छिद्र आहे की नाही हे आधी पाहावं.

जोडणी वीज बंद करूनच करा. लाल टोक लालला, काळं काळ्याला. एखादं उलटं झालं तर दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध ओढतात आणि आवाज पोकळ होतो. तारेवर फार खर्च नको. १० मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार घेतली, तर जाण्यायेण्याचा मिळून रोध पाव ओहमही भरत नाही. नंतर रिसीव्हरवर ८० कंपनांची सीमा आखावी. त्याखालचं काम सबवूफरचं, वरचं बाकीच्यांचं. ही वाटणी बहुतेक घरांत मानवते.

आता गुरुजनांना दोन शब्द. वर्गात टीव्ही असेल तर सबवूफरच्या मागे लागू नका. मुलांच्या डोक्यांवरून पण कानांच्या रोखानं ठेवलेले दोन चांगले स्पीकर पुरेत. एक प्रयोग मात्र अवश्य करा. 'आठ, साठ, पाठ, गाठ' असे वीस शब्द मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वर्गातल्या स्पीकरवर लावा आणि मुलांना लिहायला सांगा. शेवटच्या बाकावरची किती बरोबर येतात ते मोजा. मग स्पीकर हलवा, सतरंजी अंथरा, घुमारा कमी करा, आणि शब्दांचा क्रम बदलून पुन्हा मोजा. ज्या मुलाला आपण आजवर 'लक्ष नाही' म्हणून रागावलो, त्याला कदाचित ऐकूच येत नव्हतं, असं आढळेल. तो शोध कुठल्याही सबवूफरहून मोलाचा ठरेल.

आणि शेजारधर्म? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. घुमारा भिंतीतून सहज पलीकडे जातो. आपल्या घरी सिनेमा रंगात येतो, तेव्हा पलीकडे कुणाची दहावीची परीक्षा असते, कुणाला पहाटे पाणी धरायला जायचं असतं. बऱ्याच रिसीव्हरवर रात्रीसाठी एक बटण असतं. त्यानं तोफ दबते आणि कुजबुज वर येते. ते दाबावं.

तेव्हा मंडळी, नवा आवाज आणाल तेव्हा त्याची परीक्षा तोफेनं घेऊ नका. आजोबांना शेजारी बसवा. "काय म्हणाला रे तो?" हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, म्हणजे पैसे वसूल झाले असं खुशाल समजा.