जावा भाषेतील जेनेरिक प्रकार व मेथड : दोषांचे स्वरूप, कारणे आणि निराकरण

प्रस्तावना :

जावा भाषेत प्रत्येक चलाचा प्रकार प्रोग्रॅम चालण्यापूर्वी, म्हणजे कंपायलरच्या टप्प्यावरच तपासला जातो. सप्टेंबर 2004 मध्ये आलेल्या जावाच्या 5.0 आवृत्तीपूर्वी मात्र संग्रहांच्या बाबतीत ही तपासणी अपुरी होती. लिस्टमध्ये ठेवलेली कोणतीही वस्तू 'ऑब्जेक्ट' म्हणूनच परत मिळे. तिला मूळ प्रकार देण्यासाठी प्रोग्रॅमरला कास्ट लिहावा लागे, आणि तो चुकल्यास प्रोग्रॅम चालू असतानाच बंद पडे. ही उणीव जेनेरिक प्रकारांनी भरून काढली. या रचनेची बीजे मार्टिन ओडर्स्की व फिलिप वॅडलर यांच्या 'पिझ्झा' या 1997 मधील भाषेत आढळतात. असे असूनही जेनेरिक वापरताना येणारे दोषसंदेश विद्यार्थ्यांस व अनुभवी प्रोग्रॅमरसही गोंधळात टाकतात. या दोषांची कारणे व उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

1. टाइप इरेजर :

जुने व नवे प्रोग्रॅम एकत्र चालावेत म्हणून जावाने जेनेरिक माहिती केवळ कंपायलरपुरती वापरण्याचे धोरण स्वीकारले. तपासणी झाल्यावर कंपायलर 'टी' हा प्रकारचल काढून त्याच्या जागी त्याची मर्यादा, आणि मर्यादा नसल्यास 'ऑब्जेक्ट' ठेवतो. आवश्यक तेथे कास्टही स्वतःच घालतो. यालाच टाइप इरेजर म्हणतात. त्यामुळे प्रोग्रॅम चालताना स्ट्रिंगची लिस्ट व इंटिजरची लिस्ट यांचा वर्ग एकच असतो.

अनेक दोष यातूनच उद्भवतात. 'टी' प्रकारची नवी वस्तू थेट निर्माण करता येत नाही. एका वर्गात एकाच नावाच्या दोन मेथड, एक स्ट्रिंगची लिस्ट घेणारी व दुसरी इंटिजरची लिस्ट घेणारी, लिहिल्यास कंपायलर त्या नाकारतो. कारण इरेजरनंतर दोहोंचे स्वरूप समान होते. पहिल्या अडचणीवर उपाय म्हणजे वस्तू निर्माण करणारा 'सप्लायर' मेथडला पुरविणे. दुसरीवर उपाय म्हणजे मेथडना भिन्न नावे देणे.

2. उपप्रकारांविषयीचा गैरसमज :

इंटिजर हा नंबरचा उपप्रकार आहे. परंतु इंटिजरची लिस्ट ही नंबरच्या लिस्टचा उपप्रकार नाही. हा नियम प्रथमदर्शनी जाचक वाटतो. तो नसता, तर इंटिजरची लिस्ट नंबरची लिस्ट म्हणून दुसऱ्या मेथडकडे देता आली असती आणि त्या मेथडने तीत 72.5 हे दशांश मूल्य घातले असते. ॲरेच्या बाबतीत जावा अशी सूट देते. म्हणूनच तेथे 'ॲरे स्टोअर एक्सेप्शन' हा दोष प्रोग्रॅम चालताना उद्भवू शकतो.

येथे वाइल्डकार्डचा उपयोग होतो. मेथड लिस्टमधून केवळ मूल्ये वाचत असेल तर 'एक्स्टेंड्स', आणि केवळ मूल्ये घालत असेल तर 'सुपर' वापरावे. जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या ग्रंथात हा संकेत सूत्ररूपाने मांडला आहे. 'एक्स्टेंड्स' वाइल्डकार्ड असलेल्या लिस्टमध्ये नलखेरीज काहीही घालता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

3. कच्चे प्रकार व दूरस्थ दोष :

सर्वांत घातक दोष प्रकारचलाशिवाय वापरलेल्या कच्च्या प्रकारातून उद्भवतो. समजा, गुणांची इंटिजर लिस्ट एका जुन्या मेथडकडे नुसती 'लिस्ट' म्हणून दिली आणि त्या मेथडने तीत '72' ही स्ट्रिंग घातली. कंपायलर केवळ इशारा देतो. नोंद स्वीकारली जाते, नोंदींची संख्याही बरोबर येते. पुढे निराळ्याच मेथडमध्ये गुणांची बेरीज करताना 'क्लास कास्ट एक्सेप्शन' येते. त्या ओळीत प्रोग्रॅमरने लिहिलेला कास्ट दिसत नाही. तो कंपायलरने घातलेला असतो. परिणामी निर्दोष ओळ बदलली जाते व खरा दोष तसाच राहतो.

यावर तीन उपाय आहेत. एक, एक्सलिंट पर्यायास 'अनचेक्ड' हे मूल्य देऊन कंपाइल करावे व प्रत्येक इशाऱ्याचे स्थान पाहावे. दोन, संशयित संग्रह कलेक्शन्स वर्गातील 'चेक्डलिस्ट' मेथडने वेष्टित करावा. मग चुकीची वस्तू घालण्याच्या क्षणीच दोष प्रकट होतो. तीन, इशारा दडपणे अपरिहार्य असेल तर तो लहानात लहान व्याप्तीत दडपावा व त्याचे कारण शेजारी लिहावे.

4. जेनेरिक मेथडमधील दोष :

'टी' प्रकारचल असलेल्या वर्गातील मेथडने स्वतःचा वेगळा 'टी' घोषित केल्यास आतील 'टी' बाहेरच्यास झाकतो. मग 'टी'चे 'टी'मध्ये रूपांतर होत नाही, असा विचित्र संदेश येतो. मेथडवरील घोषणा काढल्यास, अथवा खरोखरच दुसरा प्रकार अभिप्रेत असल्यास त्यास वेगळे नाव दिल्यास, तो नाहीसा होतो. तसेच सर्वांत मोठे मूल्य शोधणाऱ्या मेथडमध्ये 'कम्पेअरटू' सापडत नसेल, तर प्रकारचलास 'कम्पेअरेबल' ही मर्यादा दिली आहे काय, हे प्रथम तपासावे.

निष्कर्ष :

जेनेरिकची सुरक्षितता कंपायलरच्या तपासणीवर अवलंबून आहे. संपूर्ण प्रोग्रॅम एकही अनचेक्ड इशारा न येता कंपाइल झाला आणि इशारे दडपलेले नसले, तर कंपायलरने घातलेले कास्ट अपयशी ठरत नाहीत. म्हणून दोषनिवारणाचा क्रम असा असावा : प्रथम इशारे, नंतर कच्चे प्रकार, नंतर वाइल्डकार्ड व मर्यादा, आणि अखेरीस दोष दाखविणारी ओळ. इशाऱ्यास क्षुल्लक मानण्याची सवय विद्यार्थिदशेतच मोडली, तर पुढे गुणपत्रक असो वा वेतनपत्रक, त्यातील चूक लाभार्थ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच सापडण्याची शक्यता वाढेल.